एलईडी पेटला म्हणजे ड्रायव्हर झाला नव्हे: एलईडी कंट्रोलरच्या लिनक्स ड्रायव्हरचा रिव्ह्यू कसा करायचा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपसाठी कंट्रोल पॅनल बनवणारी पोरं कोल्हापुरात पैशाला पासरी आहेत, आणि आता त्या पॅनलमध्ये साध्या मायक्रोकंट्रोलरच्या जागी लिनक्सवाला बोर्ड बसायला लागलाय, मग समोरचे लाल-हिरवे-पिवळे इंडिकेटरसुद्धा आयटूसीवरच्या (चिपा जोडायची दोन वायरची बस) एलईडी कंट्रोलर चिपनं चालवायचे आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसून चिप चालवणारा कोड, कुणीतरी लिहायचा. लिहिणारे मिळतात की, नीट वाचणारे मिळत नाहीत. रिव्ह्यूला पाठवलं की समोरचा आधी व्हिडिओ मागतो, त्यात एलईडी लुकलुकताना दिसला की "नाद खुळा, मर्ज कर" म्हणून मोकळा.

भावांनो, पेटवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. लोचे होतात ते विझवताना, ड्रायव्हर काढताना आणि मधेच एरर आल्यावर, म्हणून मी तरी फाईल उलटी वाचतो, शेवटापासून. पण त्याच्याही आधी एक काम.

कोड उघडायच्या आधी चिपची डेटाशीट उघडा. सगळी नको, रजिस्टर मॅप (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यांचा नकाशा), पॉवर-अप सिक्वेन्स आणि आयटूसी ॲड्रेसचं पान एवढं बास. ॲड्रेसमध्ये तर हमखास गोंधळ असतो, काही डेटाशीटमध्ये रीड-राईटचा बिट धरून आठ बिटी ॲड्रेस छापलेला असतो आणि लिनक्सला सात बिटी लागतो, म्हणजे कागदावर हेक्स ६० दिसला तर डिव्हाइस ट्रीत (बोर्डवर काय कुठं जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाईल) हेक्स ३० यायला पाहिजे. मग कोडमधले रजिस्टरचे डिफाईन एकेक करून मॅपशी ताडून बघा, कंटाळवाणं आहे पण करा. इनेबल पिन वर केल्यावर चिपला किती वेळ द्यायचा ते डेटाशीटमध्ये असतं, कोडमध्ये तेवढा डिले नसेल तर लेखकाच्या टेबलावर चालेल आणि गिऱ्हाइकाकडं दहातल्या एका बोर्डवर बंद पडेल. डिले असेल तर तो झोपणारा (सीपीयू दुसऱ्या कामाला सोडून थांबणारा) आहे का सीपीयू अडवून धरणारा तेपण बघा, मिलिसेकंदाच्या हिशोबात अडवणारा 'एमडिले' दिसला की कारण विचारायचं.

आता शेवटापासून. ड्रायव्हर चिपला जोडताना 'प्रोब' फंक्शन चालतं, काढताना 'रिमूव्ह'. ड्रायव्हरमध्ये 'रिमूव्ह' फंक्शन आहे का बघा. असेल, आणि प्रोबमध्ये एलईडी 'डेव्हएम'वाल्या (नावापुढं devm असलेल्या) फंक्शननं रजिस्टर केला, म्हणजे कर्नलकडं नोंदवला असेल, तर तिथंच थांबा, कारण नव्वद टक्के वेळा मासा तिथंच गावतो. डेव्हएमनं घेतलेल्या गोष्टी कर्नल आपोआप सोडतो, ज्या क्रमानं घेतल्या त्याच्या उलट, ऊसाच्या ट्रॉलीवर शेवटी टाकलेली मोळी आधी खाली येते तसं. पण हे सगळं चालू होतं ते रिमूव्ह फंक्शन संपल्यावर. आता समजा लेखकानं रिमूव्हमध्ये रेग्युलेटर (चिपचा पॉवर सप्लाय) बंद केला, म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) डिस्ट्रॉय केला आणि घरी गेला. त्यानंतर डेव्हएम एलईडी अनरजिस्टर करायला घेतो, आणि अनरजिस्टर करताना एलईडी कोर (कर्नलमधला सगळ्या एलईडींचा सामाईक कोड) काय करतो, तर जाता जाता ब्राइटनेस शून्य करायला ड्रायव्हरचंच फंक्शन बोलावतो! म्हणजे पॉवर गेलेल्या चिपला आयटूसीवर हाक मारली जाते, आणि तीपण मेलेला म्युटेक्स लॉक करून. नशीब चांगलं असलं तर लॉगमध्ये एक एरर येतो, नसलं तर वॉर्निंगचा ढीग.

यावर रिव्ह्यूमध्ये काय सुचवायचं? एक तर सगळं डेव्हएम करा नाहीतर काहीच करू नका, अर्धंमुर्धं नको. रेग्युलेटरसाठी 'गेट इनेबल'वालं डेव्हएम फंक्शन आहे, म्युटेक्ससाठी 'डेव्हएम म्युटेक्स इनिट' २०२४ मध्ये कर्नलमध्ये आलं, आणि त्यामागं एलईडी ड्रायव्हरांमधला नेमका हाच घोळ होता. ज्याला तयार फंक्शन नाही त्याला 'डेव्हएम ॲड ॲक्शन ऑर रिसेट' लावायचं. हे केलं की बहुतेक वेळा रिमूव्ह फंक्शनच उडून जातं, आणि जो कोड नाही त्यात बग नाही. तुमच्याकडं जुना कर्नल असेल आणि ही फंक्शनं नसतील तर मग डेव्हएम सोडून हातानं उलट्या क्रमानं लिहायला सांगा.

पुढचा विषय, झोप. एलईडी क्लासमध्ये ब्राइटनेस लावायला दोन कॉलबॅक (कोर बोलावतो ती ड्रायव्हरची फंक्शनं) आहेत, नुसता 'ब्राइटनेस सेट' आणि दुसरा 'ब्राइटनेस सेट ब्लॉकिंग'. पहिल्यात झोपायला सक्त मनाई, कारण हार्टबीट किंवा टायमर ट्रिगर (एलईडी आपोआप लुकलुकवणारी कर्नलची सोय) लावला की तो टायमरच्या कॉलबॅकमधून येतो आणि तिथं झोपलं की कर्नल बोंबलतो. आयटूसीवर लिहिणं म्हणजे झोपणं आलंच, म्हणून आयटूसी किंवा एसपीआयची चिप असेल तर ब्लॉकिंगवालाच पाहिजे, कोर मग स्वतःच ते काम वर्कक्यूवर, म्हणजे झोपायला मुभा असलेल्या कामांच्या रांगेत ढकलतो. काही जण नुसत्या सेटमध्ये स्वतःची वर्कक्यू बांधून बसतात, जुन्या ड्रायव्हरवरनं कॉपी मारल्याची ही खूण, ते सगळं काढायला सांगा. इनेबल पिनची जीपीआयओ (कोडनं चालू-बंद करायची पिन) कधी कधी आयटूसी एक्सपांडरवर असते, तिथं 'कॅनस्लीप'वालं फंक्शन वापरलंय का तेही बघून घ्या.

वेगाचा हिशोब कागदावर करा, पाच मिनिटाचं काम आहे. आयटूसी १०० किलोहर्ट्झवर, एका बाइटला ९ क्लॉक. एक रजिस्टर लिहायला ॲड्रेस, रजिस्टर नंबर आणि डेटा असे ३ बाइट, म्हणजे २७ क्लॉक. ९ चॅनल वेगवेगळे लिहिले तर २४३ क्लॉक, साधारण अडीच मिलिसेकंद. चिपमध्ये ऑटो इन्क्रिमेंट असेल आणि एकाच दमात बल्क राईट केला तर ११ बाइट, ९९ क्लॉक, एक मिलिसेकंदात काम. एकट्या इंडिकेटरला फरक पडत नाही, पण आरजीबी असेल तर लाल आधी बदलतो, निळा नंतर, आणि फेड करताना रंग फाटल्यासारखा दिसतो. आरजीबीसाठी मल्टिकलर क्लास आहेच, त्यात तीन वेगळे एलईडी रजिस्टर करून युजरस्पेसवर ढकलायचं कारण नाही.

आता रेगमॅपची कॅश, इथं जरा दमानं. रेगमॅप म्हणजे चिपचे रजिस्टर वाचायची-लिहायची कर्नलची सोय, आणि कॅश म्हणजे त्या किमतींची तिनं स्वतःकडं ठेवलेली प्रत. कॅश चालू असली की 'अपडेट बिट्स' आधी कॅशमधली किंमत बघतो, तीच असेल तर चिपकडं जातच नाही. चांगलंच आहे, पण चिप मधेच रिसेट झाली तर? एलईडीचा बोर्ड लांब केबलवर, त्याचा सप्लाय वेगळा, शेजारी मोठा लोड चालू झाला आणि व्होल्टेज क्षणभर बसला, की सीपीयू ठणठणीत आणि चिप मात्र रिसेट. कॅशला वाटतंय एलईडी चालू आहे, तुम्ही परत चालू कर म्हणताय, आणि ड्रायव्हर म्हणतोय चालूच हाय की. लोक बोर्ड बदलत बसतात. म्हणून विचारा: स्टेटस आणि रिसेटचे रजिस्टर व्होलाटाइल (कॅशमधून नको, दरवेळी चिपमधूनच वाच) सांगितलेत का, सस्पेंडमध्ये पॉवर जात असेल तर कॅश डर्टी करून रिझ्यूमला 'रेगकॅश सिंक' होतंय का, आणि प्रोबमध्ये सॉफ्टवेअर रिसेट मारला असेल तर तो कॅशमध्ये काही भरायच्या आधी मारलाय का. सप्लाय मधेच जाऊ शकतो अशी जागा असेल तर चिप रिसेट झालीय हे ड्रायव्हरला कळणार कसं, तेपण लेखकाकडनं काढून घ्या.

डिव्हाइस ट्रीकडनं जे येतं त्यावर आंधळा विश्वास नको. प्रत्येक चॅनलच्या नोडमध्ये 'रेग' असतो, तो आकडा सरळ ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरलेला लय वेळा दिसतो. ८ चॅनलची चिप आणि कुणीतरी ट्रीत १२ लिहिलं की दुसऱ्याच्या मेमरीवर लिहून मोकळा. मर्यादा तपासली का, एकच आकडा दोनदा आला तर काय, हे दोन प्रश्न विचाराच. चाइल्ड नोडवर लूप फिरताना मधूनच रिटर्न मारला तर नोडचा रेफरन्स सुटत नाही, तिथं 'स्कोप्ड'वालं लूप सुचवा. कमाल करंटसाठी 'एलईडी मॅक्स मायक्रोअँप' ही कॉमन प्रॉपर्टी आहे, तिच्या जागी कंपनीची स्वतःची प्रॉपर्टी काढली असेल तर परत पाठवा. आणि ती दिलेलीच नसेल तर ड्रायव्हर कमीत कमी करंट धरतो का जास्तीत जास्त, ते बघा, कारण इथं चूक झाली तर कोडमधला बग नुसता दिसत नाही, वासपण येतो. नावासाठी 'कलर' आणि 'फंक्शन' वापरा, 'लेबल' आता जुनं झालं.

चिपचं स्वतःचं ब्लिंक वापरत असतील तर दोनच गोष्टी. दोन्ही डिले शून्य आले तर ड्रायव्हरनं स्वतः समंजस वेळ निवडायची, आणि ब्राइटनेस शून्य केला की हार्डवेअरचं ब्लिंकिंगही बंद पडलं पाहिजे. दुसरी गोष्ट निम्मे जण विसरतात, मग एलईडी विझवला तरी भूत लागल्यागत लुकलुकत राहतो.

बाकी बारीकसारीक झटपट: प्रोबमधले एरर 'डेव्ह एरर प्रोब'नं छापा, नाहीतर रेग्युलेटर उशिरा आला की लॉग नुसता लाल. 'मॉड्यूल डिव्हाइस टेबल' विसरला तर मॉड्यूल आपोआप लोड होत नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती युजरला फाईलसारखी दाखवणारी जागा) नवीन फाईल काढली असेल तर ती कशी वापरायची याचं एबीआय डॉक्युमेंट मागा, आणि 'स्प्रिंटएफ'च्या जागी 'सिसएफएस एमिट'. स्पेस, टॅब, ओळीची लांबी यावर माणसानं बोलूच नये, ते चेकपॅचचं (कर्नलची स्टाईल तपासणारी स्क्रिप्ट) काम, 'स्ट्रिक्ट' लावून चालवा आणि आउटपुट लेखकाकडं द्या.

हातात बोर्ड असेल तर कर्नलमध्ये 'डीबग ॲटॉमिक स्लीप' आणि 'प्रूव्ह लॉकिंग' चालू करून बिल्ड करा, एलईडीला हार्टबीट ट्रिगर लावा, आणि तो धडधडत असतानाच ड्रायव्हर अनबाइंड करा, परत बाइंड, परत अनबाइंड, लूपमध्ये सोडून चहा घेऊन या. वर सांगितलेलं अर्धं तरी डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) आपोआप वर येतं. मग आयटूसीची वायर चालू असतानाच उपटून बघा, रिटर्न कोड वरपर्यंत पोचतोय का मधेच कुणी गिळतोय ते कळतं.

कॉमेंट लिहिताना "हे चुकलंय" एवढंच लिहून काही होत नाही, समोरचा पोरगा नवीन असेल तर गप बसतो आणि तुम्ही सांगाल ते न समजता बदलतो. "हा मास्क डेटाशीटच्या कुठल्या पानावर आहे?" किंवा "एलईडी अनरजिस्टर होताना हा म्युटेक्स जिवंत असेल का?" असं विचारा, उत्तर शोधताना तो स्वतःच अजून दोन बग घेऊन येतो. अडवणारी कॉमेंट कुठली आणि "मला असं आवडलं असतं" वाली कुठली हे स्पष्ट लिहा, नाहीतर तो फंक्शनचं नाव बदलतो आणि ओव्हरफ्लो तसाच ठेवतो. आणि शेवटी टॅग देताना, 'रिव्ह्यूड बाय' म्हणजे मी सगळा पॅच वाचला आणि मला काही गैर दिसलं नाही. बाइंडिंगचा (डिव्हाइस ट्रीत काय लिहायचं त्याचे नियम) पॅच वाचला नसेल तर फक्त ड्रायव्हरच्या पॅचला द्या. 'टेस्टेड बाय' स्वतःच्या बोर्डवर चालवलं असेल तरच, व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ त्यात धरत नाहीत.