‘भारी’ आणि ‘बकवास’ हे दोन शब्द आधी बाजूला ठेवा

मार्च २०१५मध्ये अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ हा अल्बम आला. त्या रात्री मी तो एकदा ऐकला आणि मित्राला लिहून मोकळी झाले, ‘गोंधळ आहे नुसता. आधीचा बरा होता.’ सोळा गाणी, जवळजवळ ऐंशी मिनिटं, आणि निकाल सहा शब्दांत. मित्राने उलट एवढंच विचारलं, ‘ती कविता शेवटी तो कोणाला वाचून दाखवतो?’ मला कुठली कविता तेच कळेना. अल्बमभर केंड्रिक एक कविता म्हणत जातो, दर वेळी ती थोडी पुढे सरकते, आणि शेवटच्या गाण्यात ती पुरी झाल्यावर समजतं की समोर आधीच्या पिढीतला रॅपर टुपाक शकूर आहे. टुपाक १९९६मध्येच गेलेला. त्याची उत्तरं १९९४च्या एका मुलाखतीतून कापून बसवली आहेत. मी तोवर भांडी आवरायला उठले होते.

माझं काम ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करण्याचं. दिवसभर कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, एकेक वाक्य चारदा मागे नेऊन ऐकायचं. पगारासाठी एवढं लक्ष देणारी बाई आवडीच्या गोष्टीवर असा अर्ध्या कानाने निकाल देते, याची लाज वाटली आणि काही सवयी लावून घेतल्या. एखाद्या रॅप अल्बमवर चार लोकांत तोंड उघडायचं असेल, तर त्या तुम्हालाही चालतील.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा मत बनवायचं नाही आणि क्रम मोडायचा नाही. गाणी कशाही क्रमाने वाजवणारं शफल बंद. केंड्रिकच्याच ‘डॅम’चं (२०१७) शेवटचं गाणं संपताना टेप उलटी फिरते आणि आपण पहिल्या गाण्याच्या पहिल्या वाक्यावर येऊन पडतो. त्याच वर्षाअखेर त्याने तीच चौदा गाणी उलट्या क्रमाने लावून वेगळी आवृत्ती काढली. शफलवर ऐकणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. या अल्बमला २०१८चं संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जाझच्या बाहेर ते तोवर कोणालाच मिळालं नव्हतं. म्हणून तो सगळा आवडलाच पाहिजे असं नाही. रिहानाबरोबरचं ‘लॉयल्टी’ मला अजूनही रेडिओसाठी बाजूला काढून ठेवल्यासारखं वाटतं.

दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. तिसऱ्यांदा शब्द सोडा आणि फक्त ड्रम ऐका, बोटांवर एक-दोन-तीन-चार मोजत. यमक कुठल्या आकड्यावर पडतंय? ‘फ्लो (म्हणजे शब्द तालावर बसवण्याची लकब) भारी आहे’ हे वाक्य मी जवळजवळ सोडूनच दिलंय, कारण त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं सांगा : यमक चौथ्या आकड्यावर येईल म्हणून आपण थांबतो, आणि हा ते अलीकडेच टाकून पुढच्या ओळीत शिरलेला असतो. जुना रॅपर रकीम, त्याचं असंच आहे. त्याचा ‘पेड इन फुल’ (१९८७) ऐका. यमक ओळीच्या टोकाला बांधून ठेवायचं सोडून तो ते ओळीच्या पोटात दोन-तीनदा पेरतो. लहानपणी तो सॅक्सोफोन वाजवायचा हे कळल्यावर मला त्याचे श्वास वेगळे ऐकू यायला लागले. नंतर सगळे तसं करायला लागले, त्यामुळे आज कोणी त्याला साधा म्हटलं तर रागावू नका, तारीख दाखवा.

मात्र जे नाही त्याचा दोष देण्याआधी ते मुद्दाम गाळलंय का, एवढं बघा. रॅपर एमएफ डूम आणि त्याला संगीत देणारा मॅडलिब यांच्या ‘मॅडव्हिलनी’ला (२००४) मी आधी ‘अर्धवट’ म्हटलं होतं. बावीस तुकडे, पाऊण तास, ध्रुवपद बहुतेक ठिकाणी नाहीच, गाणं रंगात येतंय तोच संपतं. चौथ्यांदा ऐकताना लक्षात आलं, की ध्रुवपद नसल्यामुळेच मला प्रत्येक ओळ नव्याने ऐकावी लागतेय. ‘अर्धवट’ हा शब्द मागे घेतला. ‘दमवणारा’ मात्र ठेवलाय.

जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून नव्या गाण्यात वापरतात, त्याला सॅम्पलिंग म्हणतात. त्याबद्दल ‘चोरी’ हा शब्दही जपून. १९६९मध्ये द विन्स्टन्स या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’ गाण्यात ग्रेगरी कोलमनने जेमतेम सहा सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. ते तुकडे पुढे हजारो गाण्यांत फिरले, ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ या गाजलेल्या रॅप गाण्यातही. कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. ही अन्यायाची गोष्ट आहेच, आणि त्या सहा सेकंदांतून नवीन काही घडवणाऱ्यांची हुशारीही खरीच. एकीने दुसरी पुसली जात नाही. दुसरं असं, की ‘हल्लीच्यांना जुन्यांसारखं सॅम्पलिंग जमत नाही’ हे मत मी पूर्वी फार ठासून मांडायचे. मग कळलं की १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवानगी तुकडा वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला, आणि त्यानंतर एका गाण्यात वीस रेकॉर्डचे तुकडे डकवणं परवडेनासं झालं. डे ला सोल या रॅप गटाचा १९८९चा पहिला अल्बम परवानग्यांच्या गुंत्यात इतका अडकला, की स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. म्हणजे ज्याला मी कमी प्रतिभा समजत होते, तो बराचसा वकिलांचा खर्च होता.

लांबीबद्दल बोलायचं तर कात्री हातात घ्या. ‘अल्बम लांबलाय’ असं कोणीही म्हणतो. नेमकी कुठली गाणी काढाल ते कागदावर लिहा. रॅपर ड्रेकचा ‘स्कॉर्पियन’ (२०१८) : पंचवीस गाणी, दीड तास. मी अकरा ठेवली आणि तो चांगला अल्बम निघाला. मुळात तो एवढा का फुगला असावा? २०१४च्या अखेरीपासून खपाची क्रमवारी लावणारं बिलबोर्ड मासिक एका अल्बममधली गाणी मिळून दीड हजार वेळा वाजली की एक अल्बम खपला असं धरू लागलं. गाणी जास्त तर आकडा जास्त, असा सरळ हिशोब. आणि त्याच उन्हाळ्यात महिनाभर आधी दुसरा रॅपर पुशा टी याने सात गाण्यांत, एकवीस मिनिटांत ‘डेटोना’ उरकला होता. (दोघांचं तेव्हा जाहीर भांडण चाललं होतं, ते असो.)

ज्या अल्बमना हात लावायची हिंमत होत नाही त्यांच्यावरही हीच कात्री चालवा. रॅपर नॅझच्या ‘इलमॅटिक’वर (१९९४) मी चालवली. प्रस्तावना धरून दहा तुकडे, चाळीस मिनिटं, पोरगं वीस वर्षांचं. ‘वन टाइम फॉर युअर माइंड’ मला सपाट वाटतं. बाकीच्या नवांतला एक सेकंदही काढता आला नाही. असं एक गाणं नावानिशी बोट ठेवून सांगितलंत, की उरलेल्या नवांचं कौतुक लोक खरं मानतात.

सगळ्यात अवघड भाग शब्दांचा. रॅपर डॉ. ड्रेचा ‘द क्रॉनिक’ (१९९२) माझ्या कानाला अजून लोण्यासारखा लागतो, आणि त्यात बायकांबद्दल जे बोललंय ते ऐकून अंगावर काटा येतो. हे कसं सांगायचं? ‘पण’ कुठे टाकता ते तपासा. ‘शब्द घाणेरडे आहेत, पण संगीत काय आहे!’ म्हटलं की तुम्ही शब्दांना माफ केलंत. ‘संगीत छान आहे, पण शब्द घाणेरडे’ म्हटलं की संगीत ऐकणं हाच गुन्हा ठरला. मी ‘पण’ काढून टाकते आणि ‘आणि’ लिहिते. ‘काळच तसा होता’ हेही म्हणत नाही. त्याच काळात क्वीन लतीफा बायकांच्या बाजूने रॅप करत होती.

दहापैकी गुण देऊ नका. सातवर आणि आठवर भांडण होतं, गाण्यावर होत नाही. मालिका-सिनेमांना हे सगळं थोड्याफार फरकाने लागू आहे. तिथे एकच जास्तीची अट : अर्ध्यात सोडलं असेल तर कितव्या भागापर्यंत पाहिलं ते आधी सांगा. सोडून देणं हेही मतच आहे, फक्त ते लपवू नका.

मागच्या महिन्यात त्या मित्राला मी जुना निरोप दुरुस्त करून पाठवला. ‘“फॉर फ्री”मध्ये पियानो इतका धावतो की शब्द पकडायला मला तीन वेळा ऐकावं लागलं. “यू”मधला हॉटेलच्या खोलीतला रडवेला आवाज मी अजून एका बैठकीत पूर्ण ऐकू शकलेले नाही, ते त्याचं यश. “मॉर्टल मॅन”मधला टुपाकबरोबरचा संवाद निम्मा असता तर बरं.’

पहिली दोन वाक्यं त्याला मान्य आहेत. तिसऱ्यावरून आम्ही अजून भांडतोय.