परतीचा पाऊस: अंदाज वाचताना या चुका टाळा

सप्टेंबर सरत आला की गावोगावी एकच प्रश्न ऐकू येतो, "पाऊस गेला का?" त्याच्या उत्तरावर सोयाबीनची सोंगणी ठरते. आणि नेमकी इथेच सर्वात महागात पडणारी चूक होते. 'मान्सूनची माघार सुरू' ही बातमी वाचली की माणसं विळे परजायला घेतात. पण ती माघार असते पश्चिम राजस्थानातली, सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरची. मुंबईतून मान्सून निघायची तारीख ८ ऑक्टोबर. मधले तीन आठवडे आपल्याकडे पावसाचेच समजा.

या तारखाही सरासरीच्या. २०२० साली ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातलं वादळी क्षेत्र काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगणातून थेट सोलापूर, पुण्यापर्यंत आलं. त्या वर्षी मान्सूनने देश सोडला तो २८ ऑक्टोबरला. माघार जाहीर झाल्यावरही उपसागरात कमी दाब तयार झाला तर पाऊस येतोच. म्हणून या दिवसांत तारखेपेक्षा उपसागराच्या बातमीला जास्त किंमत द्या.

'अंदाज चुकला' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपलंच वाचन चुकलेलं असतं. हवामान विभागाच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. शेजारच्या शिवारात धो धो आणि आपल्या बांधावर थेंब नाही, तरी अंदाज बरोबरच! 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. 'मुसळधार'लाही माप आहे: २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त. पिवळा इशारा लक्ष ठेवा म्हणतो, नारिंगी तयारीत राहा म्हणतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नकाशा बघताना आधी त्यावरची तारीख बघा. चार दिवसांपूर्वीच्या नकाशावर मळणी ठरवू नका. ऐन कामाच्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज बघावा.

सकाळचं लख्ख ऊनही फसवतं. जमिनीत ओल, वर ऑक्टोबरचा चटका, त्यामुळे दुपारी बघता बघता ढग चढतात आणि गडगडाट सुरू होतो. अशा वेळी झाडाखाली थांबणं जिवावर बेततं. पक्क्या घरात जा. 'दामिनी' अ‍ॅप जवळपासच्या विजांचा इशारा देतं, ते घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये असू द्या.

आता गंजीचं, म्हणजे सोंगून रचलेल्या सोयाबीनच्या ढिगाचं. वरून ताडपत्री घट्ट बांधली की काम झालं असं वाटतं, पण पाणी खालून शिरतं. उतारावर, थोड्या उंचवट्यावर गंजी लावा आणि भोवती चर काढा. पाऊस उघडल्याबरोबर ताडपत्री एका बाजूने उचला. आत हात घातला आणि ऊब लागली, कुबट वास आला, तर गंजी लगेच मोडा. ओल्या शेंगा आत दाबून राहिल्या की बुरशी धरते, दाणे मोडही काढतात. भिजलेला माल पातळ पसरून उन्हात उलटापालटा करा, शेंग हातात कडकन फुटेपर्यंत मळणीयंत्र बोलावू नका. बियाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन मात्र भिजलेल्या ढिगातून घेऊच नका, कोरड्या राहिलेल्या भागातलं वेगळं काढा.