खाऊतून गणित शिकवताय? मग या चुका टाळा

एक ते दहा पाठ आहे म्हणजे मोजता येतं असं आपण धरून चालतो, सगळ्यात मोठी चूक हीच. माझी लेक साडेतीन वर्षांची असताना २० पर्यंत धडाधड म्हणायची, एकदा डबा पुढे करून म्हटलं मला ३ शंकरपाळ्या दे, तर मूठभर काढून माझ्या हातावर ठेवल्या. आकडे नुसते पाठ होते, मोजणं आलंच नव्हतं. तेव्हापासून "किती आहेत?" कमी विचारते आणि "मला ३ दे, बाबाला २ दे" जास्त सांगते.

मोजताना तोंड पुढे पळतं आणि बोट मागे राहतं, मग एखादी दोनदा मोजली जाते नाहीतर मधली सुटते. ओरडू नका हो, मोजलेली शंकरपाळी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगा, बस. आणि संपल्यावर विचारा "मग किती झाल्या?" पुन्हा एकपासून सुरू केलं तर समजायचं की शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या मिळून, हे अजून डोक्यात बसलं नाहीये. वाटीत पाचच ठेवा, ढीग नको.

बिस्कीट मोडून दिलं की "आता दोन झाली!" म्हणून खूश होतात, तिथे समजावत बसू नका. मांडणी बदलली तरी वस्तू तेवढीच राहते हे साधारण ६-७ वर्षांपर्यंत पटतच नाही, प्याजे या मानसशास्त्रज्ञाने हे प्रयोग करून दाखवलंय. तुकडे परत जुळवून दाखवा आणि सोडून द्या.

पोळीचे दोन तुकडे करून "मोठा अर्धा तुला" असं मात्र आपणच म्हणतो! अर्धी म्हणजे दोन्ही सारख्या, एकावर एक ठेवून बघू दे, मग त्याच अर्धीचे दोन चतकोर.

पहिली-दुसरीतली मुलं एकोणतीसला अडकतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' असं वाचन आणलं तेव्हा केवढा वाद झाला होता. मी दहा-दहा चुरमुऱ्यांचे तीन ढीग मांडते आणि एक चुरमुरा उचलून खायला सांगते, तिसाला एक ऊन (म्हणजे एक कमी) म्हणजे एकोणतीस, तोंडात घास असतानाच कळतं.

उत्तर चुकलं म्हणून खाऊ काढून घेऊ नका, भुकेलं मूल शिकत नाही. आणि चार-पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे मोजायला देऊच नका, घशात अडकतात.