कपाट चिकटवताना या चुका टाळा: फेव्हिकॉल ओला आहे तोवरच गुण्या लावा

कपाटाचं दार नीट बसेना की आपण बिजागरीला दोष देतो. खरी चूक बहुधा आधीच, फेव्हिकॉल ओला असतानाच्या पाच-दहा मिनिटांत झालेली असते.

शिकंजा (फळ्या आवळून धरणारा क्लॅम्प) जरासा तिरका लागला तरी कपाटाचा अख्खा खोका गुण्यातून जातो, म्हणजे कोपरे काटकोनात राहत नाहीत, आणि डोळ्याला ते कळत नाही. कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावाच, पण फळीला बाक असेल तर तोही फसवतो. म्हणून टेपने दोन्ही कर्ण मोजा. ६० सेंमी रुंद, ८० सेंमी उंच खोक्याचे दोन्ही कर्ण १०० सेंमी भरायला हवेत. एक १००.३ आणि दुसरा ९९.७ आला, तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर शिकंजा लावून हलकेच आवळा आणि पुन्हा मोजा. फेव्हिकॉल वाळल्यावर हे जमत नाही. यासाठीच आधी एकदा कोरडी जोडणी करून बघा, शिकंजे हाताशी ठेवा आणि मगच डबा उघडा.

दुसरी चूक जोर लावण्याची. जीव खाऊन आवळलं की फेव्हिकॉल बाहेर पडतो, सांधा उपाशी राहतो. सांध्याच्या कडेने बारीक थेंबांची ओळ दिसली की थांबा. थेंबच आले नाहीत तर फेव्हिकॉल कमी पडलाय. प्लायची कापलेली कड तो पिऊन टाकते. तिथे पातळ हात मारून दोन-तीन मिनिटांनी दुसरा हात द्या.

बाहेर आलेले थेंब ओल्या फडक्याने पुसायचा मोह मलाही व्हायचा. पण त्याने पातळ फेव्हिकॉल लाकडाच्या रेषांत भरतो, आणि पॉलिश केल्यावर नेमका तिथे फिकट डाग उठतो. अर्ध्या तासाने बाहेर आलेला फेव्हिकॉल रबरासारखा झाला की पटाशीने (सुताराच्या सपाट छिन्नीने) अलगद खरवडा. सागवानावर लोखंडी शिकंज्याखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवा, नाहीतर काळा डाग पडतो.

सनमायकाच्या गुळगुळीत बाजूवर पांढरा फेव्हिकॉल धरत नाही. तिथे फळी जोडायची असेल तर तेवढी पट्टी मायका न लावता सोडा.

सुटलेल्या सांध्यात नुसता नवा फेव्हिकॉल ओतू नका. जुना थर कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडून काढा, मग चिकटवा. पावसाळ्यात शिकंजे दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका.