एमएस आणि नागपूरचा मे: उकाडा कोणता, झटका कोणता

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) होऊन अकरा वर्षं झाली. सगळ्यात जास्त घाबरले ती मे महिन्यातल्या एका दुपारी. महाल भागातून बर्डीपर्यंत उन्हात गेले आणि डावा पाय फरफटायला लागला, उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. नवा झटका, म्हणजे आजाराचा नवा हल्ला, समजून भरती झाले, स्टेरॉइडचं सलाईन लागलं. रात्रभर झोप नाही, साखर वाढलेली. पाय मात्र सलाईन लागायच्या आधीच, वॉर्डातल्या एसीत, सुटा झाला होता. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा.

एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं मायलिनचं आवरण खाते. सूज उतरली तरी आवरण पुरतं भरून येत नाही. तिथून संदेश कसाबसा जातो, आणि अंगातलं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी अडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं. त्यांच्या रुग्णांची नजर श्रमानंतर मंदावायची. एमआरआय नव्हता तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत. उकाड्याने नवी इजा होत नाही, जुनीच जागा बोलते.

म्हणून त्रास सुरू झाला की आधी वेळ लिहून ठेवा. गार खोलीत आडवे व्हा, मानेवर ओला पंचा ठेवा, थंड पाणी प्या, थर्मामीटर लावा. ओळखीचंच लक्षण, ओळखीच्याच जागी, आणि अंग निवल्यावर उतरलं, तर तो उकाडा. चोवीस तास उलटूनही टिकलं, किंवा पूर्वी कधीच नव्हतं असं काही झालं, तर न्यूरोलॉजिस्टला फोन करा. डोळा फिरवताना दुखत असेल तर चोवीस तास मोजत बसू नका. मी एकेक डोळा झाकून कुंकवाची डबी बघते. एका डोळ्याला लाल रंग फिका दिसला की फोन.

ताप असेल तर लघवीची तपासणी आधी करून घ्या. एमएसमध्ये लघवीचा ताबा सैल होतो, म्हणून बाहेर पडताना आपण पाणीच पीत नाही. त्यातून लघवीत जंतुसंसर्ग, त्यातून ताप, आणि तापाने जुनी लक्षणं पुन्हा वर. मी वर्षानुवर्षं हेच करत होते. पाणी तोडू नका, दिवसभरात वाटून प्या.

कूलरच्या ताट्या मार्चमध्येच बदला. मेच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर उत्तम चालतो, पण पावसाळी दमटात तो काही कामाचा नाही. तेव्हा एका खोलीत तरी एसी हवा. मी आधी तोच घेतला, सोफा नंतर. बाहेर जायचं असेल तर अर्धा तास आधी गार पाण्याने अंघोळ करा आणि दुपट्टा भिजवून घ्या. बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत उरका. लांब जायचं असेल तर मेट्रो बरी, डबा थंड असतो. फक्त स्टेशनपर्यंत ऑटो करा, चालत जाऊ नका.

व्यायाम सोडू नका. मी पहाटे साडेपाचला अंबाझरीला जाते, थर्मासमध्ये बर्फाचं पाणी घेऊन. पाय जड झाला की बाकावर बसते, पाणी पिते, आणि हलका झाला की पुढची फेरी.