सोलला स्टुडंट एक्सचेंजवर जाताय? मग तिथलं रेसिडेन्स कार्ड हातात येईपर्यंतचं हे वाचून जा

सगळ्यात आधी पासपोर्ट काढा आणि स्वतःचं नाव नीट वाचा. बॅग, जॅकेट, लोणच्याची बरणी सगळं नंतर. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात आपलं नाव आणि बाबांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं, आणि कोरियात तुमची जी काही ओळख असणार ती या अक्षरांवर उभी असते, अगदी मधल्या स्पेससकट. तिकडे नाव म्हणजे साधारण तीन अक्षरं, एक आडनावाचं आणि दोन नावाची, त्यामुळे आपलं नाव बघून त्यांच्या फॉर्मलाच घाम फुटतो. माझं काय झालं ते पुढे सांगते.

मी परळची. ऑगस्ट 2024 च्या शेवटी गेले, एक सेमिस्टर करून डिसेंबरात परत आले. तिकडे सेमिस्टर मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतात. आता ओळखीतलं कोणी जायला निघालं की फोन मलाच येतो आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

निघायच्या आधीची कामं. एक्सचेंजवाल्यांचा व्हिसा डी-2-6, त्यासाठी कोरियाचं कॉन्सुलेट मुंबईतच आहे, दिल्लीला जावं लागत नाही हे आपलं नशीब. भारतातून तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस जाणाऱ्यांना टीबीचं सर्टिफिकेट लागतं आणि ते गल्लीतल्या डॉक्टरकडून आणून चालत नाही, कॉन्सुलेटने मान्य केलेल्या हॉस्पिटलमधूनच काढा, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. काकाओटॉक हे तिकडचं चॅटचं ॲप इथूनच, आपल्या भारतीय नंबरवर सुरू करा, तिकडे गेल्यावर नवीन नंबर यायला वेळ लागतो आणि प्रोफेसरपासून रूममेटपर्यंत सगळा कारभार त्याच्यावरच चालतो, व्हॉट्सॲप फक्त आईसाठी. भारतीय सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी येतील इतपत रिचार्ज मारत राहा. प्लग गोल दोन पिनचा असतो, म्हणजे आपला फोनचा चार्जर सरळ बसतो पण तीन पिनवालं काहीही बसत नाही. फळं, मांस, दुधाचे पदार्थ, बिया असलं काही नेऊ नका, हापूसची पेटी तर अजिबात नाही, एअरपोर्टवर काढून घेतील आणि वर दंड. मसाले आणि मेतकूट पॅकबंद, लेबलवालं न्या. कुकर न्यायचा असेल तर आधी हॉस्टेलच्या किचनमध्ये इंडक्शन आहे की गॅस ते विचारा, आणि शिट्टीचं आधीच सांगून ठेवा, माझ्या पहिल्या शिट्टीला शेजारची मुलगी चप्पल न घालता बाहेर पळाली होती.

उतरल्यावर इंचॉन एअरपोर्टवरच कन्व्हिनियन्स स्टोअरमधून सबवे-बसला चालणारं टी-मनी कार्ड घ्या आणि थोडी कॅश हातात ठेवा, कारण स्टेशनवरच्या मशीनमध्ये हे कार्ड भरायला बहुतेक वेळा कॅशच लागते. हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपयांच्या आसपास, हा हिशोब डोक्यात ठेवा, पण महिनाभरानंतर हिशोब करणं सोडा नाहीतर कॉफी घशाखाली उतरणार नाही. शहरात यायला एक्सप्रेस ट्रेनच्या मागे लागू नका, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी एअरपोर्ट ट्रेन स्वस्त पडते आणि होंगदेला पण थांबते. सबवेचं मूळ भाडं 2025 पासून 1,550 वॉन आहे. रोज फिरणार असाल तर 30 दिवसांचा क्लायमेट कार्ड नावाचा पास 62,000 वॉनला मिळतो, सोलच्या हद्दीतली सबवे आणि बस त्यात येते, फक्त सिनबुनदांग लाइनवर चालत नाही. गुगल मॅप्सच्या भरवशावर राहू नका, नेव्हर (Naver) मॅप टाका, कुठल्या डब्यात चढलं तर बदलायला सोपं पडेल इथपर्यंत ते सांगतं.

आता लोकलची सवय. आपण दादरला गाडी थांबायच्या आत आत घुसणारी माणसं, तिकडे दाराच्या दोन्ही बाजूला लायनी लागतात आणि उतरणारे उतरेपर्यंत कोणी हलत नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने मधूनच घुसले, कोणी एक शब्द बोललं नाही, फक्त बघितलं, आणि ते बघणं आपल्या बायकांच्या डब्यातल्या भांडणापेक्षा जास्त लागतं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या सीट रिकाम्या असल्या तरी बसायचं नाही, गुलाबी सीट गरोदर बायकांसाठी. फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. बसमध्ये उतरताना पण कार्ड टॅप करायचं, म्हणजे अर्ध्या तासात पुढची बस किंवा सबवे पकडली तर नव्याने पूर्ण भाडं लागत नाही, आणि हातात कॉफीचा उघडा ग्लास असेल तर ड्रायव्हर चढू देत नाही. शेवटची गाडी बाराच्या आसपास जाते, एक वाजताची बोरिवली मिळेल असल्या भ्रमात राहू नका.

आता मुख्य काम. उतरल्यापासून 90 दिवसांच्या आत रेसिडेन्स कार्डासाठी अर्ज करावाच लागतो. हे परदेशी माणसाचं तिथलं ओळखपत्र, जुनी मुलं त्याला एआरसी, म्हणजे एलियन रजिस्ट्रेशन कार्ड, म्हणतात. इमिग्रेशनच्या हायकोरिया साइटवर अपॉइंटमेंट घ्यायची, आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळे एकदम तुटून पडतात त्यामुळे तारीख कित्येक आठवडे पुढची मिळते, म्हणून उतरलात त्याच आठवड्यात बुक करा. काही युनिव्हर्सिट्या सगळ्या मुलांचा एकत्र अर्ज देतात, इंटरनॅशनल ऑफिसला पहिल्याच दिवशी विचारा. राहण्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो, बोटांचे ठसे घेतात, मग कार्ड छापून यायला अजून काही आठवडे. माझी अपॉइंटमेंट सप्टेंबरच्या शेवटी होती, कार्ड आलं ऑक्टोबर संपताना.

आणि तोपर्यंत तुम्ही अर्धवट माणूस असता. कार्डाशिवाय बँक खातं उघडायला नखरे, खात्याशिवाय आणि कार्डाशिवाय स्वतःच्या नावावर महिन्याचा फोन मिळत नाही, आणि फोन स्वतःच्या नावावर नसेल तर जेवण मागवायच्या ॲपपासून सिनेमाच्या तिकिटापर्यंत जिथे तिथे ओळख पटवायला सांगतात तिथे तुम्ही अडकता. म्हणून हे दोन महिने पासपोर्टवर मिळणारं प्रीपेड सिम आणि भारतातलं फॉरेक्स कार्ड यावर काढायचे असं मनाशी ठरवूनच जा, चिडचिड होत नाही.

कार्ड आल्यावर मी उड्या मारत बँकेत गेले. तिथल्या बाईंनी माझं नाव आणि बाबांचं नाव जोडून एकच शब्द करून टाकला. फोनच्या दुकानातल्या मुलाने मध्ये स्पेस दिली. कार्डावर होतं आडनाव आधी, सगळं कॅपिटलमध्ये. झालं, तीन ठिकाणी तीन बायका. प्रत्येक ॲप म्हणणार माहिती जुळत नाही, आणि मी तीन आठवडे नाव उलटं, सुलटं, जोडून, तोडून टाकून बघत बसले, शेवटी रूममेटला घेऊन दोन्ही ठिकाणी परत गेले आणि कार्ड समोर ठेवून म्हटलं, असंच टाइप करा. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. बँकेत आणि फोनच्या दुकानात स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगा आणि एकेक अक्षर कार्डाशी जुळवून बघा, लाजू नका.

कार्डाबरोबर हेल्थ इन्शुरन्सपण मागे लागतो. मार्च 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विमा सक्तीचा आहे, महिन्याला सत्तर हजार वॉनच्या वर जातात, बिल पत्त्यावर येतं. थकवलं तर पुढे व्हिसा वाढवताना अडतं. पार्टटाइम कामाचं म्हणाल तर परवानगी काढल्याशिवाय एक दिवससुद्धा नको, ओळखीचा हॉटेलवाला कितीही काही होत नाही म्हणाला तरी.

खाण्याचं. मी मालवणी घरातली, मासे खाणारी, म्हणून वाचले. माझ्यासोबतच्या शाकाहारी मुलीचे पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. नुसतं "गोगी" म्हणजे मांस नको म्हटलं की त्यांच्या डोक्यात हॅम आणि फिशकेक येतच नाही, ते वेगळं सांगावं लागतं. सूप साधं दिसलं तरी सुक्या मासळीच्या पाण्यात उकळलेलं असतं आणि किमचीत बहुतेकदा खारवलेली कोलंबी असते, जवळा म्हणा ना. त्यामुळे शाकाहारी असाल तर काय काय चालत नाही त्याची यादी कोरियनमध्ये फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, पापागो ॲपवर भाषांतर बरं होतं पण कोणा कोरियन मित्राकडून एकदा तपासून घ्या. डाळी, आटा, हळद, मोहरी सोलमधल्या इतेवॉन भागात मिळतं, टेकडीवर 1976 साली बांधलेली मशीद आहे तिच्या आजूबाजूला दुकानं आहेत. भात चिकट असतो पण वरणासोबत मस्त लागतो. आणि उपास करणाऱ्यांनी काळजी करू नका, थंडीत गोगुमा म्हणजे रताळं, ते भाजलेलं अगदी कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये गरम मिळतं. पैसे वाचवायचे तर कॉलेजचं कँटीन, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये हजार वॉनात सकाळचं जेवण देतात, लवकर संपतं, उठायची तयारी ठेवा. टिप द्यायची नाही. पैसे किंवा वस्तू मोठ्या माणसाला देताना घेताना दोन हात.

भाषेची भीती मात्र आपल्याला कमी असायला हवी. त्यांची लिपी हांगुल 1446 साली राजा सेजोंगने जाहीर केली, आता वापरात असलेली मूलभूत अक्षरं 24, बाराखडी येणाऱ्याला दोन दिवस पुरे. वाक्याची रचना आपलीच, क्रियापद शेवटी. "हाक्क्यो-ए गायो" म्हणजे शब्दाला शब्द ठेवून "शाळेत जाते". तू-तुम्ही-आपण आपल्याला पाळण्यातून माहीत असतं, तिकडे पण कोणाशी बानमाल म्हणजे अरे-तुरेची भाषा बोलायचं आणि कोणाशी आदराने हे वयावर ठरतं, म्हणून ओळख होताच जन्मसाल विचारतात, राग मानू नका. प आणि फ मधला फरक अमेरिकन मुलांना महिनाभर जमत नव्हता, आपल्याला फुकटात येतो. पावाला ते "प्पांग" म्हणतात, आणि आपला पाव न् त्यांचा प्पांग दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आलेत, त्यांचा तेवढा जपानमार्गे.

फसवणारे शब्द दोनच, पण रोजचे. "ने" म्हणजे हो. आपल्या कानाला ते नाही सारखं ऐकू येतं, मी एका दुकानात तीनदा "पिशवी आहे का" विचारलं, बिचारी तीनदा "ने" म्हणाली आणि मी तीनदा "बरं राहू दे" म्हणाले. दुसरा "या". आपल्याकडे या म्हणजे पाहुण्याचं स्वागत, तिकडे "या!" म्हणजे "ए!", आणि ते मी दार उघडून प्रोफेसरांना म्हटलं. तोंडातून निघून गेलं. वेटरला हाक मारायची तर "जोगीयो".

कचऱ्यासाठी वेगळा लेख लागेल. थोडक्यात सांगायचं तर, तुमच्या वॉर्डाच्याच पिशव्या विकत घ्यायच्या, ओला कचरा वेगळा, प्लॅस्टिक धुऊन वेगळं, आणि चुकीच्या पिशवीत टाकलं तर शेजारच्या आजी ती उघडून परत तुमच्या दारात आणून ठेवतात. ठेवली होती.

सप्टेंबरला जाणाऱ्यांनी चुसॉकची तारीख आधी बघा. तो त्यांचा मोठा सण, आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या अनंत चतुर्दशीच्याच आसपास. 2024 ला तर दोन्ही 17 सप्टेंबरलाच आले. कँटीन बंद, बरीच दुकानं बंद, सगळे गावाला गेलेले, आणि मी रिकाम्या हॉस्टेलमध्ये रामेन खात फोनवर लालबागची मिरवणूक बघतेय. कोरिया साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्री दहा वाजता तिकडे दीड, तरी जागी होते. आदल्या दिवशी रूममेटच्या आईने डबा दिला होता सोंगप्योनचा, तांदळाच्या पिठाची पारी, आत तिळाचं गोड सारण, पाइनच्या पानांवर उकडलेलं. पहिला घास घेतला आणि रडू फुटलं, चव वेगळी होती पण हाताला लागणारी पारी तीच. तर सांगायचं काय, सणाच्या दोन दिवस आधी तांदूळ, अंडी, दूध भरून ठेवा.

थंडीचे कपडे मुंबईतून घेऊ नका, इथल्या दुकानातलं जाड जॅकेट तिकडे शर्टासारखं आहे. गुडघ्यापर्यंतचं पॅडिंग म्हणजे जाड जॅकेट तिकडेच घ्या, सीनियर परत जाताना स्वस्तात विकतात. नोव्हेंबर आहे म्हणून बेसावध राहू नका, 27 नोव्हेंबर 2024 ला सोलमध्ये असा बर्फ पडला की शंभर वर्षांहून जास्त काळात नोव्हेंबरात तेवढा पडला नव्हता, आणि मी कॅनव्हासच्या बुटात. घरात जमीनच गरम असते, ओले मोजे तिथेच वाळतात.

फोनमध्ये नंबर टाका, पोलीस 112, ॲम्ब्युलन्स आणि आग 119, इमिग्रेशनची चौकशी 1345. भारतीय दूतावास हन्नाम-दोंगला आहे, तिथे नाव नोंदवून ठेवा. मी कंटाळा केला होता. मग 3 डिसेंबरला रात्री साडेदहाला राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ लावला, परळला तेव्हा सात वाजले होते आणि सगळे टीव्हीसमोर, पहाटेपर्यंत तो उठला पण पप्पांचे त्या रात्री एकोणीस फोन आले.

परतीच्या आधी बँक खातं बंद करा, फोनचा प्लॅन बंद करा, विम्याचं शेवटचं बिल भरून पावती ठेवा, आणि हे सगळं निघायच्या आठवडाभर आधी, शेवटच्या दिवशी नाही. कायमचे परत येत असाल तर एवढे दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते कार्ड एअरपोर्टवर इमिग्रेशनला परत द्यावं लागतं. आठवण म्हणून हवं असेल तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या, मला काउंटरवर आठवलं.