खेळाचे व्हिडिओ लेबल करायचं पार्ट-टाइम काम कसं जमवायचं
लेबल करणं म्हणजे व्हिडिओत कोण कुठे आहे आणि काय घडलं याच्या खुणा करणं, त्यावरून कॉम्प्युटर शिकतो. मॅच बघायचे पैसे मिळतात असं समजून येऊ नका, इथे मॅच कमी आणि पॉज बटण जास्त. २५ एफपीएसचा (सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं) व्हिडिओ म्हणजे एका मिनिटात १५०० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमवर खेळाडूभोवती हाताने बॉक्स काढत बसलात तर झालंच कल्याण. म्हणून आधी कीफ्रेम आणि इंटरपोलेशन शिका, म्हणजे थोड्या थोड्या फ्रेम सोडून बॉक्स लावायचा, मधले टूल स्वतः भरतं, तुम्ही फक्त तपासायचं. खेळाडूने अचानक दिशा बदलली की तिथे नवीन कीफ्रेम लागतेच. सीव्हॅट (CVAT) नावाचं लेबलिंगचं टूल फुकट वापरता येतं, त्यावर हात बसवा.

खरी डोकेदुखी आयडीची, म्हणजे प्रत्येक खेळाडूला दिलेल्या ओळख-नंबरची. दोन खेळाडू एकमेकांच्या आड गेले आणि बाहेर येताना आयडीची अदलाबदल झाली की पुढची सगळी क्लिप चुकते, मग जर्सी नंबर, बूट, केस, काहीही बघा पण खात्री करा. कधीकधी घटनांच्या वेळाही टिपायच्या असतात: पास नेमका कधी सुरू झाला, पाय बॉलला लागला तेव्हा की बॉल सुटला तेव्हा? काम देणाऱ्याच्या गाइडलाइनमध्ये असेल तेच धरायचं, आपलं क्रीडाज्ञान बाजूला (हे चाहत्यांना जाम जड जातं).

माउस चांगला घ्या, टचपॅडवर मनगट जातं. शॉर्टकट पाठ करा. रेट पर क्लिप असेल तर एक क्लिप टायमर लावून करा, तासाला किती पडतात काढा, मगच हो म्हणा. रिजेक्ट झालेल्या कामाचे पैसे मिळतात का तेही आधीच विचारा, आणि रजिस्ट्रेशन फी मागितली की सरळ कटा.